घरातली सायकल, मोबाइलवरची शर्यत : टीम स्पर्धा चालते कशी आणि लबाडी होते कुठं?

नांदेड/लातूर : दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो सायकल घेऊनच. त्याबरोबर एक लोखंडी यंत्रही होतं. सायकलचं मागचं चाक काढलं, यंत्रावर सायकल बसवली, समोर लॅपटॉप ठेवला, पंखा लावला आणि माजघरात पाऊण तास पॅडल मारत बसला. सायकल जागची हलली नाही. पोरगं मात्र घामानं असं भिजलं की खाली टाकलेलं पोतं ओलं झालं. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाला, "काका, आत्ता नका बोलू, माझी पाळी आलीय पुढं ओढायची." कानात इअरफोन होता आणि पलीकडून कुणीतरी आकडे ओरडत होतं. सहा जण सहा गावांत बसून एकच शर्यत खेळत होते.

आईनं विचारलं, "एवढी सायकल मारून गेला कुठं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. तेच आज सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवरही आता सायकलिंगचे चॅलेंज येऊ लागले आहेत. ग्रुप तयार होतात, त्यात भांडणंही होतात. आधी मोठ्या स्पर्धांचं पाहू, मग आपल्या गावाकडचं.

वॅट म्हणजे काय, मोटारीवरून समजून घ्या

मागच्या चाकाच्या जागी बसणाऱ्या यंत्राला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. तुम्ही पॅडलवर किती जोर लावता ते हे यंत्र मोजतं आणि ब्लूटूथनं मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला कळवतं. पडद्यावर तुमचा बाहुला तेवढ्याच जोरानं पुढं जातो. पडद्यावर चढ आला की यंत्र स्वतःहून पॅडल जड करतं. उतार आला की हलकं. हा जोर वॅटमध्ये मोजतात.

शेतकऱ्याला वॅट अवघड नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे विहिरीवरची ५ एचपीची मोटार ३७३० वॅटची झाली. चांगला सराव असलेला तरुण गडी तासभर साधारण २५० वॅट काढू शकतो. म्हणजे ती मोटार ज्या कामाला लागते त्याला असे पंधरा गडी लागतील. पाणी ओढणं काय चीज आहे ते यावरून कळतं. पण ते असो.

या खेळात सगळ्यात जास्त चालणारं नाव झ्विफ्ट. ही अमेरिकेतली कंपनी, २०१४ ची, आणि दर महिन्याला पैसे घेते. मायवूश नावाचं दुसरं ॲप अबुधाबीचं आहे, ते फुकट आहे. कोरोनाच्या काळात रस्त्यावरच्या शर्यती बंद पडल्या आणि या खेळाला एकदम महत्त्व आलं. जुलै २०२० मध्ये टूर द फ्रान्सची सुद्धा व्हर्च्युअल शर्यत झाली. तीन शनिवार-रविवार, सहा टप्पे, आणि निकाल टीमच्या गुणांवर. पुरुषांत एनटीटी आणि महिलांत टिबको-एसव्हीबी या टीम पहिल्या आल्या. अंतर पुरुषांना आणि महिलांना सारखंच होतं, ही गोष्ट मला आवडली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला जागतिक सायकल संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, पहिली जागतिक ई-स्पोर्ट्स सायकलिंग स्पर्धा भरवली. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न. तो मूळचा होडी वल्हवणारा खेळाडू, आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये रोइंगचं रौप्यपदकही घेऊन आला. महिलांत दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासियो जिंकली.

आपल्या माणसांचंही नाव यात आहे. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पार करायची 'रेस अक्रॉस अमेरिका' म्हणजे जवळपास ४८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर भाऊ हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी ती दोघांच्या टीमनं पूर्ण केली. अशी शर्यत पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. एक जण सायकलवर असताना दुसऱ्यानं गाडीत झोपायचं, मग पाळी बदलायची. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली, २०१९ ला नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी. २०२० ला कोरोनामुळं ही शर्यत रद्द झाली तेव्हा तिची व्हर्च्युअल शर्यत ठेवली गेली, बारा दिवसांची. सैन्यातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी घरात ट्रेनरवर बसून चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि तिसरे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता हा सुवर्ण चतुष्कोनाचा ५९४२ किलोमीटरचा रस्ता पंधरा दिवसांच्या आत सायकलनं पूर्ण केला. म्हणजे खोलीत काढलेला घाम रस्त्यावर कामाला येतो, एवढं नक्की.

चौथा गडी

आता टीमचं. व्हर्च्युअल सायकलिंगमध्ये टीमच्या शर्यती दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येकजण आपापली शर्यत मारतो आणि नंबराप्रमाणे मिळालेले गुण टीमच्या खात्यात जमा होतात. दुसरी टीम टाइम ट्रायल. तिच्यात सगळी टीम एकत्र सुटते आणि घड्याळाशी खेळते. खरी मजा या दुसरीत आहे.

रस्त्यावर सायकल मारली असेल त्याला ठाऊक आहे, समोरून वारं असलं की पुढच्याच्या मागं लपून चालवायला सोपं जातं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं सायकल धरून शाळेत गेलेली पिढी आमची. (आज कुणी करू नका, आमची हाडं मोडता मोडता वाचली.) कॉम्प्युटरमध्येही हे वारं घातलेलं आहे. पुढच्याच्या मागं राहिलात तर तेवढ्याच वेगाला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जोर कमी लागतो. म्हणून सगळे एका रांगेत चालतात. पहिला तीस सेकंद, मिनिटभर ओढतो, मग बाजूला होऊन शेवटाला जातो, आणि दुसरा पुढं येतो. मोट हाकताना बैल बदलायचे तसंच.

झ्विफ्टवर दर आठवड्याला चालणाऱ्या टीम टाइम ट्रायलमध्ये टीम चार ते आठ जणांची असते, आणि टीमची वेळ धरतात ती चौथ्या गड्याची. पहिला कितीही लवकर पोचला तरी उपयोग नाही. ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरच्या टीम परस्यूटमध्येही असंच आहे. चौघं सुटतात, वेळ तिसऱ्याची धरतात. या एका नियमानं सगळा खेळ बदलतो. टीममध्ये एक वाघ आणि तीन शेळ्या असतील तर वाघाला शेळ्यांच्या वेगानं चालावं लागतं. मग वाघानं काय करायचं? जास्त वेळ पुढं राहून ओढायचं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कमजोर गड्यानं पुढं यायचंच नाही, नाहीतर दहा सेकंद येऊन लगेच मागं जायचं. यात कुणाला कमीपणा नाही. कुणी किती ओढायचं हे शर्यतीच्या आधी ठरवून ठेवतात, आणि एकजण कानात सांगत राहतो. पुतण्याच्या इअरफोनमधला आवाज त्याचाच होता.

पण याच नियमाला दुसरी बाजू आहे. टीममध्ये सहाजण असतील आणि चौथ्याची वेळ धरणार असतील, तर दोघं सोडले तरी चालतात. म्हणून पुष्कळ टीम दोन धडधाकट गड्यांना सुरुवातीला पूर्ण पिळून घेतात, ते दमून मागं पडतात आणि उरलेले चौघं शेवट गाठतात. ठरवून केलं असेल तर ही युक्ती आहे. न सांगता केलं तर विश्वासघात. त्या दिवशी पुतण्याच्या टीममधला पाचवा शर्यतीच्या निम्म्यावरच रांगेतून गायब झाला. सगळ्यांना वाटलं दमला असेल. नंतर कळलं, त्याच्या गावात लाइट गेली होती. वायफायही गेलं, ट्रेनरही बंद. तो अंधारात पॅडल मारत बसला होता. चौघं उरले, आणि चौथा कच्चा. त्याला वाचवायला बाकीच्यांनी चढावर वेग कमी केला. आपण कितवे आलो ते पुतण्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चौथ्याला सोडलं नाही, एवढंच त्यानं दोनदा सांगितलं.

वजनाचा काटा

आता लबाडीकडं येऊ. या खेळातली सगळ्यात सोपी चोरी वजनाची आहे.

ट्रेनर तुमचा जोर मोजतो, वजन मोजत नाही. वजन तुम्ही स्वतः ॲपमध्ये लिहायचं. सपाट रस्त्यावर नुसता जोर जास्त कामाला येतो, पण चढावर वजनाच्या मानानं जोर किती ते बघतात. नांदेड ते देगलूर रस्त्यावर ऐंशी किलोचा ताकदवान गडी पुढं जाईल, पण माहूरचा घाट लागला की साठ किलोचं पोरगं त्याला मागं टाकेल. म्हणून या खेळात वॅट भागिले किलो असा हिशोब चालतो.

उदाहरण घ्या. ६० किलोचा मुलगा १८० वॅट काढतो, त्याचा आकडा ३. ८० किलोचा गडी २४० वॅट काढतो, त्याचाही ३. चढावर दोघं साधारण बरोबरीनं जातील. आता ऐंशीवाल्यानं ॲपमध्ये ७० किलो लिहिलं. जोर तोच, २४० वॅट, पण आकडा झाला ३.४३. काही न करता, एक थेंब घाम जास्त न गाळता तो घाटात पुढं निघाला. उंचीचंही तसंच. उंची कमी लिहिली की कॉम्प्युटर समजतो, याला वारं कमी लागणार.

कुस्तीवाल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. लातूर जिल्हा पैलवानांचा. निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार मामा १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले ते याच मातीतून. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत फडावर उभा राहणारा प्रत्येक पैलवान काट्याला घाबरतो. ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट फायनलला पोचली आणि १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाहेर गेली. आपल्या गावागावांत त्या दिवशी लोक हळहळले. शंभर ग्रॅम! आणि इकडं सायकलवाला घरी बसून दहा किलो कमी लिहितो, काटा बघणारं कोणी नाही.

म्हणून मोठ्या शर्यतींत आता वजनाचा व्हिडिओ मागतात. काटा आधी ठरलेलं वजन ठेवून तपासून दाखवायचा, मग त्यावर स्वतः उभं राहायचं, सगळं एकाच शॉटमध्ये, मध्ये व्हिडिओ कट न करता. २०२० च्या जागतिक स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना एकाच कंपनीचा एकाच जातीचा ट्रेनर दिला होता, म्हणजे कुणाचं यंत्र उदार आणि कुणाचं कंजूष अशी तक्रार नको. कारण यंत्रातही फरक असतो. चांगला ट्रेनर शंभर वॅटमागं एक-दोन वॅटच इकडंतिकडं दाखवतो, स्वस्तातला त्याहून जास्त चुकतो, आणि मुद्दाम चुकीचा जुळवूनही ठेवता येतो. यावर उपाय म्हणून पॅडलमध्ये दुसरा मीटर बसवून दोन्हीकडची नोंद मागतात. दोन आकडे जुळले नाहीत की प्रश्न विचारतात. २०२४ ची जागतिक स्पर्धा तर मायवूशनं अबुधाबीत घेतली, अंतिम फेरीचे खेळाडू तिथं एकत्र आणून. शेवटी पंचासमोरच यावं लागलं म्हणायचं.

दुसरी चोरी गटाची. वॅट-किलोच्या आकड्यावरून खेळाडूंचे गट पाडतात. झ्विफ्टवर पुष्कळ वर्षं चालत आलेली पद्धत अशी : ४ च्या वर ए, ३.२ ते ४ बी, २.५ ते ३.२ सी, त्याखाली डी. आता तिथं आधीच्या निकालांवरून काढलेला स्कोअरही वापरतात. लबाड काय करतो? सरावाला आणि साध्या शर्यतींना मुद्दाम हळू मारतो, ताकद झाकून खालच्या गटात घुसतो आणि तिथं जिंकतो. आपल्याकडं ५५ किलो वजनी गटाच्या कबड्डीत बाहेरगावचा भाड्याचा खेळाडू घुसवतात, टेनिस बॉलच्या स्पर्धेत 'फक्त तालुक्यातले' असा नियम असताना दुसऱ्याचं आधार कार्ड दाखवतात, तोच हा प्रकार. नाव इंग्रजी आणि यंत्र महाग, एवढाच फरक.

तिसरी चोरी कॉम्प्युटरची. २०१९ मध्ये ब्रिटनची पहिली ई-रेसिंग स्पर्धा कॅमेरॉन जेफर्स नावाच्या तरुणानं जिंकली. शर्यतीच्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर खरा घाम गाळला होता. पण शर्यतीत वापरलेली पडद्यावरची वेगवान सायकल मिळवायला ॲपमध्ये एकूण ५०,००० मीटर चढ चढावा लागतो, आणि तो चढ त्यानं स्वतः न चढता एका प्रोग्रामकडून चढवून घेतला होता. किताब काढून घेतला, सहा महिने बंदी आणि २५० पौंड दंड झाला. माझ्या मते हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. शर्यतीत तो खराच ताकदीचा होता. लबाडी शर्यतीच्या आधीची होती. बैलगाडा शर्यतीत बैल चांगलाच पळाला, पण बैल दुसऱ्याच्या दावणीचा निघाला, तर काय म्हणाल?

गावाकडचं चॅलेंज आणि मोटारसायकल

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आपल्याला याचा काय उपयोग. स्वस्तातला ट्रेनर घ्यायचा तरी काही हजार लागतात, चांगला घ्यायचा तर सोयाबीनच्या एका खेपेचे पैसे गेले. शिवाय लाइट आणि नेट पाहिजे. आपल्याकडं खेळ होतोय तो वेगळा. मोबाइलमध्ये स्ट्राव्हासारखं ॲप टाकायचं, खिशात फोन ठेवून खऱ्या रस्त्यावर सायकल चालवायची, जीपीएसनं किलोमीटर मोजायचे आणि महिन्याअखेर टीमच्या सगळ्यांचे किलोमीटर एकत्र करायचे. ज्याची बेरीज मोठी ती टीम जिंकली. प्रत्येकजण आपापल्या गावात, शर्यत मोबाइलवर. हाही व्हर्च्युअलच खेळ, फक्त सायकल खरोखर हलते.

आमच्या भागात अशा एका ग्रुपमध्ये मी स्वतः होतो. सात गावं, प्रत्येक गावाचे आठ-दहा जण. पहिला आठवडा फार गोडीत गेला. ज्यांनी दहावीनंतर सायकलला हात लावला नव्हता त्यांनी माळ्यावरून काढून पंक्चर काढून घेतले. दुसऱ्या आठवड्यात एका टीमचा आकडा एकदम वर गेला. एकाच्या नावावर एका दिवशी १४० किलोमीटर. नकाशा उघडून बघितला तर सलग ४५ चा वेग, कुठं थांबा नाही, चढावरही तोच वेग. फोन मोटारसायकलच्या डिक्कीत होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. विचारलं तर म्हणे, "ॲपनं घेतलं ना, मग झालं." ग्रुपमध्ये जे झालं ते इथं लिहीत नाही.

पण त्याहून अवघड प्रश्न नंतर आला, आणि त्यावर आजही आमचं एकमत नाही. एका टीममध्ये दूध घालणारा गडी होता. रोज पहाटे दोन कॅन लावून सायकलवर तालुक्याला जाणार, परत येणार, तीस-बत्तीस किलोमीटर. त्याचे महिन्याचे किलोमीटर साहजिकच सगळ्यात जास्त. दुसऱ्या गावचे म्हणाले, हा व्यायाम नाही, हा धंदा आहे, याचे किलोमीटर धरायचे नाहीत. मी म्हणालो, धरायचे. कॅनसकट चालवतो, आपण रिकाम्या सायकलवर चालवतो. खरं तर त्याला जास्तीचे गुण द्यायला हवेत. शेवटी मतदान झालं आणि त्याचे किलोमीटर निम्मे धरायचे ठरले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ॲप चालू करणं सोडलं. सायकल चालूच आहे, दूध रोज पोचतं.

आणि पोरी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारच्या सायकली मिळाल्या आहेत. आमच्या गावातून रोज सकाळी त्यांची रांग निघते, एकमेकींच्या मागं, वारं असलं तर पुढची बदलून. टीम टाइम ट्रायल यांना कुणी शिकवायची गरज नाही. पण त्यांचे किलोमीटर कुठल्याच टीमच्या खात्यात नाहीत, कारण फोन बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो. मोबाइलवर मोजणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत ज्याच्याकडं मोबाइल नाही तो आधीच बाहेर आहे. यावर मोठ्या कंपन्यांच्या नियमात उत्तर सापडत नाही, कारण तिथं हा प्रश्नच येत नाही.

आपला ग्रुप करायचा असेल तर

पाण्याच्या स्पर्धेची आठवण इथं कामाला येते. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनचा वॉटर कप सुरू झाला, पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके होते : वरूड, कोरेगाव आणि शेजारचं आपलं अंबाजोगाई. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्या स्पर्धेत नुसतं जेसीबी लावून जिंकता येऊ नये म्हणून श्रमदानाला वेगळे गुण होते. माणसाच्या हाताचं काम आणि यंत्राचं काम वेगळं मोजलं, म्हणून गरीब गावालाही जागा राहिली. सायकलच्या चॅलेंजलाही असंच काहीतरी लागतं.

नुसती बेरीज धरू नका, हे पहिलं. बेरीज धरली की एक वेडा गडी दिवसाला शंभर मारतो आणि बाकीचे झोपतात. त्याऐवजी एका माणसाचे एका दिवसाचे जास्तीत जास्त वीस-पंचवीस किलोमीटरच धरायचे. किंवा किलोमीटर सोडून दिवस मोजायचे : आज पाच किलोमीटर झाले की एक दिवस जमा. दुधवाल्याचा वादही मग राहत नाही, कारण त्याचाही एक दिवस आणि शिक्षकाचाही एकच. आमच्या ग्रुपला ही अक्कल नंतर आली. चौथ्या गड्याचा नियमही इथं लावता येतो. आठ जणांच्या टीममध्ये कितवा गडी धरायचा ते सुरुवातीलाच ठरवा, समजा सहावा, आणि त्या सहाव्याचे जेवढे दिवस भरले तेवढेच टीमचे. मग जोरातला माणूस कच्च्याच्या घरी जाऊन त्याला उठवतो. हे आम्ही पुढच्या वेळी करून बघितलं, पहाटे साडेपाचला एकमेकांच्या दारात हाका ऐकू येऊ लागल्या. आमच्या घरच्यांनी मात्र त्या हाकांवरून मलाच बोल लावले.

ज्या मुलींकडं फोन नाही त्यांच्यासाठी वही ठेवता येते. गाव ते शाळा अंतर ठरलेलं आहे, हजेरी लावायला एखादी मुलगी नाहीतर शिक्षक पुरे. मोटारसायकलची शंका आली तर सगळ्यांसमोर चोर म्हणण्याआधी त्याच्या राइडचा वेग आणि नकाशा उघडून बघा. खऱ्या सायकलवाल्याचा वेग खालीवर होतो, चढावर पडतो, चौकात थांबतो. स्ट्राव्हावर अशी नोंद फ्लॅग करायची सोय आहे. कधीकधी माणूस राइड बंद करायला विसरून जीपमध्ये बसतो, तेव्हा शेवटचा तुकडाच वेगाचा दिसतो. अशाला चोर म्हणू नये, तेवढा तुकडा काढायला सांगावं.

पैसे भरायला सांगणाऱ्या चॅलेंजचं जपून. प्रवेश फी घेऊन पदक आणि टीशर्ट कुरिअरनं पाठवणारे पुष्कळ आहेत, काही प्रामाणिकही आहेत. पण फी भरून 'जिंकलात तर दामदुप्पट' असं कुणी म्हणत असेल तर तो खेळ नाही, पैजच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे धरले. आयोजक कोण, पत्ता काय, बक्षीस कुठून येणार, हे विचारल्याशिवाय यूपीआय करू नका.

एक गोष्ट पोरींच्या आणि पोरांच्या आईबापांसाठी. अशा ॲपवर राइड कुठून सुरू झाली ते नकाशात सगळ्यांना दिसू शकतं, म्हणजे घराचा पत्ता आणि रोजची वेळ दोन्ही. सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतालचा भाग झाकायची आणि राइड फक्त ओळखीच्यांना दाखवायची सोय असते, ती आधी चालू करा. आणि पहाटे हायवेवर निघताना सायकलला मागं लाल रिफ्लेक्टर लावा. उसाच्या ट्रॉल्या त्याच वेळेला निघतात.

आमच्या ग्रुपची पुढची फेरी हरभरा निघाल्यावर सुरू होतेय. किलोमीटर नाही, दिवस धरायचे ठरलेत. दुधवाल्याला निरोप दिलाय, त्यानं अजून होय म्हटलेलं नाही.